मोहफुलांची पहिली ओंजळ

भाऊ,

तुझ्या तेरवीच्या वरणात मीठ कमी पडलं. पंगतीवर पंगती उठल्या, पण कोणी चकार शब्द काढला नाही. मयताच्या घरचं जेवण, कोण बोलणार? तू असतास तर पहिल्याच घासाला हात आखडून म्हणाला असतास, "अनसे, मीठ काय सासरी, सावलीलेच ठेवून आलीस व?" सगळी पंगत हसली असती आणि मी मिठाचं भांडं तुझ्या पानात उपडं करायची धमकी दिली असती. मीठ कमी पडल्याचं माझ्या लक्षात आलं तेव्हा मी भांडं घेऊन उठलेसुद्धा. पण मागणारं कोणी नव्हतं. तशीच चुलीपाशी जाऊन बसले आणि पोटभर रडले. तू गेलास त्या दिवशीही इतकं रडू आलं नव्हतं.

अंगणात लोक आपसात बोलत होते, "गोविंदा म्हणजे देवमाणूस." मला हसावं की चिडावं ते कळेना. हेच लोक एकेकाळी तू भजनात येऊन बसलास की लांब सरकून बसत होते. मेल्यावर माणूस गोड होतो म्हणतात ते काही खोटं नाही. पण तू देवमाणूस नव्हतास, भाऊ. तुझ्या हातून एक म्हातारी जळून मेली होती. तू ते एक दिवसही विसरला नाहीस. आता तू नाहीस म्हणून आम्ही ते विसरून टाकलं तर तुला मुळीच चालणार नाही, तू वरून उठून भांडायला येशील. म्हणून जसं झालं तसंच मी बोलणार आहे.

मालगुजारी गेली, गावं सरकारजमा झाली, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात माझ्या धाकट्याचं बारसं होतं. दिवस मावळायच्या आत ये, मामानं उशीर केला तर मी बोलणार नाही, असा माझा तुला निरोप होता. दिवस मोहफुलं वेचायचे होते. पहाटे पडलेलं फूल पाल्यात हरवू नये म्हणून आपल्याकडं झाडाखालचा पाला आधी जाळून घेतात. कसा जाळायचा हे आपल्या बाबानं आपल्याला चालता येऊ लागलं तेव्हापासून शिकवलेलं. वारा पडल्यावर, संध्याकाळीच पेटवायचा. भोवतीचा पाला आधी ओढून घ्यायचा, पाण्याचं मडकं आणि हिरवी डहाळी हाताशी ठेवायची आणि राख थंड होईपर्यंत तिथून हलायचं नाही. त्या दिवशी तुला संध्याकाळपर्यंत थांबायला सवड नव्हती. तू भर उन्हात पाला पेटवलास, डहाळीनं झोडपून विझवलास, विझल्यासारखा दिसला तशी डहाळी टाकलीस आणि सावलीचा रस्ता धरलास.

आमच्याकडं तू आलास तेव्हा तुझ्या काखेत बाळाची कुंची होती आणि धोतराला राख लागली होती. बायका पाळणा म्हणत होत्या, त्यात तूही आपला तो फाटका आवाज मिसळलास. माझी सासू तोंडाला पदर लावून हसत होती. मी तुला इतकं आनंदात नंतर कधी पाहिलं नाही.

तिकडं दुपारच्या वाऱ्यानं राखेतला विस्तव उठवला आणि आग रानातून टोल्यावर गेली. टोला म्हणजे रानातली गोंडांची दहा-बारा गवती घरं. सगळी माणसं बाहेर कामाला गेलेली. घरं राखायला एकटी बुधीबाई होती, टोल्यातल्या चैतूची आई. तिला डोळ्यांनी दिसत नव्हतं. ती अंगणात वाळत घातलेल्या मोहाजवळ कोंबड्या हाकत बसायची. घरं जळाली ती पावसाळ्याच्या आत पुन्हा उभी राहिली. बुधीबाई राहिली नाही.

तुझ्यावर कोणाचा संशय गेला नाही. कसा जाणार? तू तर सावलीला भाच्याच्या पाळण्याशी होतास, हे मीच दहा जणांना सांगितलं होतं. चौकशीला जंगलाचा नाकेदार आला, तेव्हा चैतूच हात जोडून पुढं झाला. त्यानंही आदल्या संध्याकाळी आपल्या झाडाखाली पाला जाळला होता. तो म्हणाला, आग माझीच राहून गेली असेल. टोल्यातल्याच माणसाची आग, टोल्यातलीच म्हातारी. नाकेदार आला तसा निघून गेला. रान चारी बाजूंनी काळं पडलं होतं, कोणाची आग कुठली ते कोण सांगणार? तुला मात्र सांगता येत होतं. वारा त्या दिवशी कुठून होता ते तुला माहीत होतं, आणि तुझ्या झाडाखाली तुझी डहाळी अर्धी जळून पडली होती.

पुढं जवळजवळ वर्षभर तू गप्प राहिलास. देवाला मात्र तू सोडलं नाहीस. सोमवार धरलेस, पहाटे थंडीत नदीवर आंघोळ, देवळात सगळ्यांच्या आधी हजर. वहिनी कौतुकानं सांगायची, "आता तं हे सादूच होऊन राह्यले." मी दिवाळीला माहेरी आले तेव्हा भाजीत मीठ टाकायला साफ विसरले होते. तू मान खाली घालून मुकाट जेवलास. मला तेव्हाच कळायला हवं होतं, की या माणसाचं काहीतरी मोठं हरवलं आहे. मला वाटलं, चला, वय झालं, भाऊ शहाणा झाला.

शिवरात्रीला तू मार्कंड्याच्या जत्रेला गेलास. तिथं काय झालं ते तूच मला सांगितलंस, तेही एकदाच. वैनगंगेत तू कमरेइतक्या पाण्यात उभा होतास. ओंजळीत पाणी घेतलंस, मनात म्हणालास, देवा, पदरात घे. डोळे उघडलेस तर हाताच्या अंतरावर चैतू. त्याचीही ओंजळ भरलेली, त्याचेही ओठ हलत होते. तुला पाहिलं तसा त्याचा चेहरा उजळला.

"गोविंदाभाऊ, तुम्ही भजनातले मानूस," तो म्हणाला. "देव तुमचं आयकते. माह्यासाठी दोन शब्द सांगा ना त्याले. माह्या आगीनं माही माय जळली. मले झोप येत नाई, भाऊ."

तू म्हणालास, "चैतू, ते आग तुही नव्हती. माही होती."

त्यानं तुला मारलं नाही. शिवीही दिली नाही. ओंजळीतलं पाणी तसंच सोडलं, काठावर आला आणि ओल्या कपड्यांनी माणसांच्या गर्दीत चालू लागला. देवळाकडं गेलाच नाही. तूही गेला नाहीस. नदीवरून निघालास तो दुसऱ्या दिवशी थेट माझ्या दारात.

मी तुझ्यावर किती ओरडले! वर्ष होत आलं, कोणाला माहीत नाही, बायको-पोरं आहेत, आता बोलून मेलेली बाई परत येणार आहे का? देवाकडं माफी मागत होतास ना, मग माग की, तो काय नाही म्हणणार होता? तू ओसरीवर बसून सगळं ऐकून घेतलंस. मग म्हणालास, "अनसे, तो माह्या पापाची माफी मांगून राह्यला होता व. त्याच्या बाजूले उभा राहून मी कोनत्या तोंडानं मांगू?"

मी तुला पाणी दिलं आणि आत जाऊन भाकरी थापायला घेतल्या.

त्यानंतर तू पोलीस पाटलाकडं गेलास, मग ठाण्यावर, मग चांद्याच्या तुरुंगात काही महिने काढलेस. गावात छी थू झाली. माझ्या सासरी मला टोमणे खावे लागले, ते मी तुला तेव्हाच व्याजासकट ऐकवले आहेत, पुन्हा ऐकवत नाही. तुरुंगात भेटायला आले तेव्हा लाखोरीच्या डाळीचे वडे आणले होते. तू एक मोडून तोंडात टाकलास आणि म्हणालास, "मीठ कमी हाय." आमचे हे मला म्हणाले, काय कृतघ्न माणूस आहे तुझा भाऊ! त्यांना काय ठाऊक. मला त्या तुरुंगाच्या दारात इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू! माझा भाऊ मला परत मिळाला होता.

एक गोष्ट मात्र आपण दोघांनी कधी बोलून दाखवली नाही. नाकेदार, पाटील, कचेरी, सगळ्यांनी तुला विचारलं, भर दुपारी आग लावायची अक्कल तुला कोणी दिली? तू प्रत्येक वेळी म्हणालास, घाई केली. कशाची घाई, कोणासाठी घाई, यावर तुझ्या तोंडून अवाक्षर निघालं नाही. माझ्या निरोपाचं, बारशाचं नाव तू कधी काढलं नाहीस. माझ्या पोराला तर अजूनही माहीत नाही. तुझ्याशी मी आयुष्यभर भांडले, पण या गोष्टीसाठी तुझ्या पाया पडायचं राहून गेलं. पडले असते तर तू पाय मागं घेऊन म्हणाला असतास, "काऊन, आता पैसे पायजेत का?"

सुटून आलास तो दुसऱ्याच दिवशी टोल्यावर गेलास. त्यांचे पंच बसले. त्यांच्यात माणसाकडून मोठा गुन्हा घडला तर तो बकरा देतो, सगळ्या टोल्याला जेवू घालतो, आणि मग सगळे त्याच्या हातचं खाऊन त्याला पुन्हा आपल्यात घेतात. तू बकरा दोरीला धरूनच गेला होतास. म्हाताऱ्या पंचानं बकऱ्याकडं पाहिलं आणि म्हणाला, "हे आम्ही आमच्या मानसाकडून घेतो, भाऊ. तू आमचा नोहोस. तुह्याकडून काय घ्याचं?" त्यांनी तुला पाणी दिलं, वाटेला लावलं. चैतू तिथंच बसला होता. बकरा घेऊन तू परत आलास आणि गोठ्यात त्याच्या गळ्यात हात टाकून बसलास, असं वहिनी सांगते.

बुधीबाईच्या नावाचा दगड त्यांनी टोल्याबाहेर उभा केला तेव्हाही तू गेलास. त्यांच्यात मेलेल्या माणसाचा असा दगड उभा करतात. रक्ताच्या आणि सोयरिकीच्या माणसांखेरीज कोणी त्याला हात लावत नाही. तू दूर पळसाखाली उभा राहिलास. सगळे गेल्यावर लांबूनच हात जोडलेस आणि घरी आलास.

मग मोहाचे दिवस आले आणि तू खराटा उचललास. आगपेटी तर तू घरातूनच हद्दपार केली होतीस, वहिनी बिचारी शेजारून विस्तव मागून आणायची. आधी तू आपल्या झाडाखालचं झाडून काढलंस, मग खराटा खांद्यावर टाकून रानात चैतूच्या झाडांखाली गेलास. रोज संध्याकाळी. पाला ओढून लांब नेऊन टाकायचास, जमीन अशी लख्ख करायचास की पंगत बसवावी. गाव हसलं. गोविंदा रान झाडून राह्यला, वाघाची सोय करून राह्यला! तूही हसायचास. चैतू पहाटे येऊन फुलं वेचून न्यायचा. संध्याकाळी तू झाडताना दिसलास तर जरा लांब बसून राहायचा. हो नाही, नको नाही. असं प्रत्येक उन्हाळ्यात.

त्या झाडांचं एक फूलही तू घेतलं नाहीस. एकदा घरी येऊन पटका सोडलास तर घडीत एक फूल अडकलेलं. वहिनी म्हणाली, असू द्या, एक तं हाय. पण तू तसाच, जेवणाआधी, ते फूल तळहातावर घेऊन परत रानात गेलास आणि झाडाखाली ठेवून आलास. वहिनी मला हे सांगताना हसत होती, आणि सांगता सांगता तिचा पदर डोळ्यांना गेला.

आपला वाद तेव्हापासूनचा. मी म्हणायचे, देवानं तुला केव्हाच माफ केलं. तू म्हणायचास, "देव म्हनते, पह्यले चैतूकडून जाऊन ये." मी म्हणायचे, मग त्या देवाला सांग टोल्यावरच बिऱ्हाड कर, आम्हाला देऊळ तरी झाडायला नको. मी म्हणायचे, चैतूनं तुला कधी झाडाखालून हाकललं का? नाही ना? मग झाली माफी. त्यावर तू म्हणायचास, "झाडाखालून बैलालेही कोनी हाकलत नाई, अनसे. म्हून काय बैलाले माफी भेटली?" तुझ्याशी वाद घालून कोणाचं भलं झालं आहे!

शेवटच्या दुखण्यात मी तुझ्याजवळ होते. ताप उतरला की तू पोरांची चेष्टा करायचास, चढला की आढ्याकडं पाहत राहायचास. एका दुपारी मी पेज पाजत होते. तू विचारलंस, "देव माफ करन का व, अनसे?" मी म्हटलं, केलं रे केव्हाच. तू डोळे मिचकावलेस. "तुले सांगतलं का त्यानं?" मी चमचा तुझ्या तोंडाशी नेला. तू घोट घेतलास आणि भिंतीकडं तोंड केलंस. मोहाला अजून कळे धरायचे होते. तुला त्याचीच काळजी, यंदा चैतूच्या झाडाखाली कोण झाडणार.

तेरवीच्या दिवशी सगळ्या पंगती उठल्यावर टोल्यावरची चार माणसं अंगणाच्या कडेला येऊन उभी राहिली. पुढं चैतू. केस पांढरे झालेत त्याचे. त्यांनी काठीला दोर बांधून एक दगड खांद्यावरून आणला होता, पुरुषभर उंचीचा असेल. तो त्यांनी कुंपणाशी टेकवला. चैतू वहिनीपाशी आला आणि जमिनीकडं पाहत म्हणाला, "बाई, भाऊचा दगड आनला. माह्या मायच्या बाजूले उभा केला तं चालन का?"

वहिनी खालीच बसली. मलाही रडू यायला हवं होतं, पण मला आला राग. तू मला ओळखतोस. मी त्याच्यावर धावूनच गेले. म्हटलं, "जिता होता तवा एक शब्द बोलला काऊन नाई तू? एका शब्दासाठी झुरून गेला माहा भाऊ! आता दगड घेऊन आला?"

बरोबरची माणसं चपापली. चैतू मात्र हलला नाही. म्हणाला, "पह्यले राग होता, बाई. लय होता. मंग गेला. पन मले वाटे, बोललो तं भाऊचं येनं बंद होईन. माय गेल्यावर माही वाट पायनारं कोनी नव्हतं. भाऊ सांजच्याले यायचा, मी बसून राहो. बरं वाटे." एवढं बोलून त्यानं डोकं धरलं. "चुकलंच माहं. बोलाले पायजे होतं."

आता अशा माणसाला काय बोलायचं, भाऊ? तू म्हणायचास तसा तो तुला बैलासारखा खपवून घेत नव्हता रे. तो तुझी वाट पाहत होता. तुम्ही दोघं मूर्ख इतके उन्हाळे एका झाडाखाली, एक झाडतोय, एक बसलाय, आणि बोलायला दोघांनाही भीती.

मी त्याला हात धुवायला पाणी दिलं आणि पान मांडलं. तो तुझ्या घरी पहिल्यांदाच जेवायला बसला. पहिला घास घेतला आणि थांबला. इकडं तिकडं पाहिलं. मग हळूच म्हणाला, "बाई, मीठ हाय का?"

मी मिठाचं भांडं आणलं. इतकं वाढत राहिले की मीठ पानाबाहेरच जास्त सांडलं.

दगड त्यांनी दुसऱ्या दिवशी उभा केला. वहिनी, तुझी पोरं आणि मी, सगळे गेलो होतो. म्हाताऱ्या पंचानं आम्हा सगळ्यांना दगडाला हात लावायला लावला. म्हणाला, सोयरे आहात. तू आणि बुधीबाई शेजारी शेजारी आहात आता. तिला दिसत नाही, तिच्या कोंबड्या जरा हाकत जा.

त्याला काही आठवडे झाले. मी अजून सावलीला परत गेले नाही, आमचे हे निरोपावर निरोप पाठवताहेत. जावंसं वाटेना, कारण मोहाचे दिवस तोंडावर होते. काल संध्याकाळी चैतूनं आपल्या झाडांखाली खराट्यानं झाडून घेतलं. टोल्यावर यंदा कोणीच पाला जाळला नाही. आणि आज पहाटे पहिलं फूल पडलं.

पहिलं फूल त्यांच्यात कोणी तोंडात टाकत नाही. आधी मेलेल्यांना वाहतात, मग जिवंत माणसं खातात. उजाडताना चैतूनं मला आणि वहिनीला बोलावून नेलं. त्यानं एक ओंजळ आपल्या आईपुढं ठेवली. दुसरी ओंजळ भरली, त्याच झाडाखालची, आणि तुझ्या दगडापुढं ठेवली. मग तिथंच उकिडवा बसला आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा तुझ्याशी बोलला.

"खा, भाऊ."

आता उठून परत ठेवायला जाऊ नकोस.